बिनवजनाची पावडर

पांढरी पावडर दिसली की लोकांना वाटतं, सगळ्या सारख्याच. आमच्या कारखान्याच्या शेठला तसं वाटायचं, माझ्या सासऱ्यांना तसं वाटायचं, आणि माझ्या नवऱ्याला तर जो समोर उभा असेल त्याचंच पटायचं. या तिघांनी मिळून मला इतकं संतापायला लावलंय की आजही कुणी माझ्यासमोर ‘टाक ना कुठली पण, घट्ट झालं की झालं’ असं म्हटलं, तर माझ्या हातातलं काम तिथेच थांबतं.

रेझिन मुळात पातळ असतं, काकवीसारखं. फटीत भरायचं म्हटलं तर ओघळून जातं, म्हणून त्यात पावडर घालून लगदा करायचा. त्याला सगळे पुट्टी म्हणतात. पत्र्यावर गोळा घ्यायचा, पत्रा उभा धरायचा, गोळा हलला नाही की पुट्टी तयार. इथपर्यंत कुठलीही पावडर चालते. शंखजिरं चालतं, खडूची पावडर चालते, संगमरवराचा भुगा चालतो, दारातली रांगोळी घातलीत तरी गोळा पत्र्याला चिकटून बसेल. पण उभ्या पत्र्यावर पाच मिनिटं बसलेला गोळा समुद्राच्या पाण्याखाली पाच महिने बसेल, असं तुम्हाला कुणी सांगितलं?

मला हे कुणी वर्गात बसवून शिकवलं नाही. माझे आईवडील रायगडातून आलेले, खारीगावाजवळ भाड्याच्या खोलीत राहायचे. बारावी झाल्यावर मी भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात, फायबरच्या कारखान्यात कामाला लागले. खुर्च्या, कुंड्या, टाक्यांची झाकणं, सोसायट्यांच्या बागेतल्या घसरगुंड्या, असलं सगळं तिथे बनायचं. आम्ही सहा बायका होतो. पहिलं वर्ष नुसतं घासकाम. अंगाला काचेची कुसळं टोचायची, आंघोळ करूनही खाज जायची नाही. मग तिथल्या मिस्त्रींनी मला मिसळायला बसवलं, कारण माझा हात मापाला पक्का होता. मिस्त्री उत्तर प्रदेशचे, तोंडाने तिखट, पण जे येत होतं ते लपवून ठेवायचे नाहीत.

“पहले पूछ, ये चीज रहेगी कहाँ,” ते म्हणायचे. “पानी में, धूप में, कि शोकेस में? फिर पावडर उठा.”

सिलिका सगळ्यांत हलकी. उशीएवढी पिशवी उचलली तरी हातात काही आहे असं वाटत नाही. तोंडाला ओढणी घट्ट बांधल्याशिवाय ती उघडायची नाही, नाहीतर सरळ छातीत जाते. थोडीशी घातली की रेझिन जागच्या जागी थांबतं, आणि सुकल्यावर ती पुट्टी पाणी पीत नाही. लाकडाचा अगदी बारीक भुसा एपॉक्सी म्हणजे महागातल्या, जास्त पक्क्या रेझिनमध्ये घातला तर लाकडाच्या सांध्याला चांगला धरतो. काचेच्या सूक्ष्म फुग्यांची एक पावडर येते. तिची पुट्टी हलक्या हाताने घासली जाते, म्हणून रंगाच्या आधी सपाटी आणायला छान. पण जिथे जोर येणार, जिथे सतत पाणी असणार, तिथे ती लावायची नाही. शंखजिरं आणि खडू शोभेच्या वस्तूंना. एवढंच शास्त्र. चार-पाच पिशव्या आणि एक प्रश्न.

एकदा मिस्त्री महिनाभर गावी गेले असताना एका सोसायटीची घसरगुंडी बनत होती. वरच्या सांध्याच्या पुट्टीत शेठने संगमरवराची पावडर ओतायला सांगितली, लगदा जास्त होतो म्हणून. मला कळत होतं. तो सांधा मुलांच्या वजनाखाली रोज वाकणार, आणि असली पुट्टी वाकत नाही, तडकते. तरी मी गप्प बसले. घाबरले होते असंही नाही. नुसता भांडायचा कंटाळा आला होता. मी तो लगदा माझ्या हाताने मिसळला, पत्रा उभा धरून शेठला दाखवला, आणि शेठ म्हणाला, “देख, कितना मस्त घट्ट हुआ.”

सांधा तडकला आणि एका मुलीची मांडी फाटली. सोसायटीची माणसं कारखान्यात आली, तेव्हा शेठ त्यांना सांगत होता की हल्ली मुलं कशीही चढतात. मी मागे पत्रा हातात घेऊन उभी होते. त्या मुलीची आई रडत नव्हती, फक्त आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे एकेक करून बघत होती. माझ्याकडे बघून तिची नजर पुढे गेली. मी तेव्हाही बोलले नाही. शेठचा राग मला आजही येतो, पण त्या दिवशीच्या माझ्या गप्प बसण्याचा जो येतो तो वेगळाच आहे, तो अंगातून जातच नाही.

नवरा मला याच कारखान्यात भेटला. त्याच्या बोटीवरच्या बर्फाच्या पेटीचं झाकण फुटलं होतं, ते घेऊन आला होता. झाकण दुरुस्त करून दिलं, त्यानंतर ते आणखी तीन वेळा फुटलं, आणि चौथ्यांदा मी विचारलं की हे झाकण फुटतंय की कुणी फोडतंय. मग लग्न झालं आणि मी समुद्रकाठच्या तारोडी गावात आले. रोज सकाळी गावातून बसने भाईंदरला, पूल ओलांडून पूर्वेला, संध्याकाळी परत. गावात मला पहिली दोन वर्षं सगळे ‘कारखान्यातली’ म्हणायचे.

सासऱ्यांची बोट लाकडाची, जुनी. दरवर्षी पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीत ती किनाऱ्यावर ओढली जायची आणि तिच्या फळ्यांच्या फटी नव्याने भरल्या जायच्या. कापसाचा पीळ फटीत ठोकायचा, वरून चुना आणि तेल एकत्र घोटून त्याचा लगदा दाबून बसवायचा. ते घोटणं सासऱ्यांच्या हातचं. आजूबाजूचे लोक त्यांना बोलावून नेत, आमच्या चुन्याला हात लावून जा म्हणत. त्यांची नखं चुन्याने खाल्लेली, बोटांची टोकं कायम पांढरी. हे मी मान्य करते, की त्या रीतीने लाकडाची बोट चांगली तगते. लाकूड पाण्यात फुगतं, फट आवळते, चुना आत दाबला जातो. त्यांची रीत चूक नव्हती. ती जिथली होती तिथे बरोबर होती.

पण दोन वर्षांपूर्वी तळाच्या फळ्या इतक्या झिजल्या की पाणी थांबेना. नवरा बोटीवर जाळं ओढण्यापेक्षा पाणीच जास्त उपसत होता. बाकीच्यांसारखं आपणही तळाला फायबर चढवून घेऊ असं घरात ठरलं. म्हणजे आधी सगळे सांधे पुट्टीने भरायचे, मग त्यावर काचेच्या तंतूंचं मॅट रेझिनमध्ये भिजवून चिकटवायचं. मॅट लावायला भाईंदरहून कारागीर येणार होते. पुट्टी कशाची, हा प्रश्न मी घेतला. आयुष्यात पहिल्यांदा या घरात मला काहीतरी येत होतं.

मी हौसेने केलं सगळं. नवऱ्याला सांगितलं, इतर लोक वापरतात ते पॉलिस्टर रेझिन नको, ते जुन्या लाकडाला नीट धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. सांध्यांना एपॉक्सी आण. फळीचे जुने तुकडे घेऊन त्यावर वेगवेगळ्या पुट्टीचे गोळे लावले: एकात सिलिका आणि भुसा, एकात शंखजिरं, एकात काचेचे फुगे, आणि मुद्दाम एकात सासऱ्यांचा चुना. सुकल्यावर सगळे तुकडे समुद्राच्या पाण्याच्या बादलीत बुडवून मोरीजवळ ठेवले. दर दोन दिवसांनी काढून नख रोवून बघायचं. सासरे येताजाता बघायचे.

“लोनचं घातलंय का गो?” त्यांनी एकदा विचारलं.

मी हसले. तेव्हा मला वाटलं, ते चेष्टा करतायत म्हणजे त्यांना पटतंय. माझी पहिली चूक ती. पंधरा दिवसांनी चुन्याच्या गोळ्यात नख साबणात रुतावं तसं रुतलं. मी लगेच दाखवायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांच्याकडे पाहुणे होते, आणि माणसांसमोर म्हाताऱ्याचा चुना कशाला हरवायचा, म्हणून मी बादली तशीच ठेवली. सिलिकेची पिशवी, भुशाची पिशवी, एपॉक्सीचे दोन डबे बोटीपाशी नेऊन ठेवले, पिशव्यांवर मोठ्या अक्षरात लिहिलं, नवऱ्याला दोनदा समजावलं आणि मी कामावर गेले.

बंदी उठायला चार दिवस राहिले होते. संध्याकाळी बसमधून उतरून सरळ किनाऱ्यावर गेले. सगळे सांधे भरून झाले होते, एकदम सफाईदार. सासऱ्यांच्या हाताला सफाई होतीच. मी खूश होऊन बघत होते, तोवर मला सिलिकेची पिशवी दिसली. तिचं तोंड शिवलेलंच होतं. सासरे तिला पाठ टेकून बसले होते, लोडासारखे.

“बाबा, ही उघडली नाही?”

“ती पावडर हाय का धूर?” ते म्हणाले. “वजनच न्हाय तिला. जिला सोताचं वजन न्हाय ती पानी काय अडवनार? चुना घातलाय. तेलाच्या जागी तुजं ते रेझिन, बाकी रीत आपली.”

वजन. माणसाने पावडर हातात तोलून निवडली होती, बाजारात पापलेट तोलावं तशी. मी खाली बसले आणि सांध्यावर नख दाबलं. वरून टणक, आत रबरासारखं. चुन्याचं पोतं महिनाभर पावसाळी हवेत पडलेलं, त्याने दमटपणा ओढलेला, आणि तोच ओलावा आता एपॉक्सीच्या पोटात होता. ते आता कधीच नीट सुकणार नव्हतं. मी सांगितलं. शांतपणे सांगितलं, निदान पहिली तीन वाक्यं.

“याच चुन्यानं चाळीस वर्सं बोट तारली,” ते म्हणाले. “तुजा जनम बी झाला नवता.”

“बोट तारली ती चुना आणि तेलाने! ह्याच्यात तेल कुठाय?”

“आवाज खाली.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “बाबांचा पण अनुभव हाय ना.” मग माझं तोंड बघून म्हणाला, “पण तू म्हणतेस ते पण बरोबर असंल.” मला त्या क्षणी त्याला पुट्टीत बुडवावंसं वाटलं. अरे, बाप चुकला तर किनाऱ्यावर बसून चुकला, मी चुकले तर किनाऱ्यावर बसून चुकले, पाण्यात तू जाणार आहेस!

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला कारागीर मॅट लावायला येणार होते. एकदा मॅट चढलं की त्याखालचा सांधा कुणाला दिसणार नव्हता. वरून चकचकीत, आत लगदा, आणि तो कधी सुटणार हे कळणार ते किनारा दिसेनासा झाल्यावर. मला सारखी ती घसरगुंडी दिसत होती. तिलाही वरून झकास रंग होता.

सकाळी गावच्या देवळात बंदी उठण्याबद्दलची बैठक होती, सगळे पुरुष तिकडे गेले. मी कारखान्यात फोन करून येत नाही म्हटलं, घरातली पटाशी आणि हातोडी घेतली आणि बोटीखाली जाऊन बसले. बोटीच्या तळाचा मुख्य लाकडी कणा, ज्याला इथे पठाण म्हणतात, त्याच्या मागच्या टोकापासून सुरुवात केली. वरची कडक साल फुटली की आतून चिकट पांढरं निघायचं, वास मारायचं. मी ते पटाशीने ओरबाडून काढत होते आणि मोठमोठ्याने बोलत होते, शेठशी, सासऱ्यांशी, नवऱ्याशी, कुणाशी ते मलाच आता आठवत नाही. सुनेने सासऱ्याच्या बोटीला पटाशी लावली, हे त्या गावात आजवर कुणी बघितलं नसेल. शेजारच्या बोटीपाशी जाळं विणत बसलेल्या बायकांचे हात थांबले. त्यातली एक म्हणाली, “अगो, काय करतेस, म्हातारा जीव घेईल.” अडवायला मात्र कुणी उठलं नाही. मला आजही वाटतं, त्यातल्या प्रत्येकीचं कुणी ना कुणी पाण्यावर जाणारं होतं.

सासरे आले तेव्हा एका बाजूचे सगळे सांधे उघडे पडले होते. त्यांच्या मागे नवरा, त्याच्या मागे निम्मी बैठक. सासऱ्यांचा चेहरा बघून मला पहिल्यांदा भीती वाटली, पण पटाशी मी सोडली नाही.

“हात तोडीन,” ते म्हणाले.

“तोडा. आधी हे बघा.”

मी बादली बरोबर आणली होती. चुन्याचा तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही, म्हणून मी तो त्यांच्या पायाशी ठेवला आणि सगळ्यांसमोर त्यात अंगठ्याचं नख खुपसलं. अर्धं नख आत गेलं. मग सिलिका आणि भुशाचा तुकडा ठेवला. त्यावर नख दाबलं, नख वाकलं, दुखलं, आत गेलं नाही. मी म्हटलं, “याच्यात वजन नाही ना? दाबा.”

सासरे वाकले. त्यांनी दोन्ही तुकड्यांवर आपलं नख लावून बघितलं, चुन्याने खाल्लेलं ते नख. मग त्यांनी चुन्याचा तुकडा उचलला, त्यावरचा गोळा बोटांनी चुरला, आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, “कारागिराला फोन लाव. आज येऊ नको म्हनावं.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग माझ्याकडे पाठ करून खाली बसले, दुसरी पटाशी मागितली आणि दुसऱ्या बाजूचा स्वतःचा सफाईदार सांधा स्वतःच्या हाताने उकरायला लागले.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी रागातच होते. दोन दिवस लाकूड घासून, ताडपत्रीखाली कोरडं करून मग मी पुट्टी मिसळली. आधी रेझिन आणि ते सुकवणारा हार्डनर मापाने, मग बारीक भुसा, मग ओढणी बांधून सिलिका, मूठ-मूठ, जोवर पत्रा उभा धरल्यावर गोळ्याचं टोकही झुकत नाही तोवर. मी मिसळायचे, ते भरायचे. आमच्या मध्ये नवरा उभा. “तिला सांग, जरा घट्ट होऊ दे.” “बाबांना सांग, आणखी घट्ट केली तर लाकडात भिनणार नाही.” तो बिचारा दोन फुटांवर निरोप पोहोचवत होता, आणि दोन्हीकडून शिव्या खात होता.

या सगळ्यात आठ दिवस गेले. बंदी उठली, बाकीच्या बोटी पहिल्या फेरीला गेल्या, भरून आल्या. आमची बोट किनाऱ्यावर ताडपत्रीखाली. येणारा-जाणारा विचारायचा, आणि सासरे सांगायचे, “यंदा चुनाच भेसळीचा निघाला.” मी ऐकायचे. दात आवळून ऐकायचे. एकदा तर ते माझ्या देखत शेजाऱ्याला समजावत होते, की पावडरीचं वजन बघायचं नसतं, ती राहनार कुठं ते बघायचं असतं. माझ्या मिस्त्रींचं वाक्य, माझ्या तोंडून ऐकलेलं, त्यांच्या तोंडात असं बसलं होतं जणू आजोबांनी त्यांना दिलेलं. मी तिथून उठून गेले, नाहीतर पुन्हा पटाशी उचलली असती.

मॅट लावायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत पुट्टी पक्की सुकायला हवी होती. पण मला नख लावून बघता आलं नाही, कारण सासऱ्यांनी ताडपत्री सोडू दिली नाही, पाऊस होता. सकाळी बोटीची पूजा, मग लगेच कारागीर हात घालणार, आणि मॅट सुकलं की बोट पाण्यात, असं ठरलेलं. आमच्या घरात बोटीला हळदकुंकू लावायचा मान थोरल्या जावेचा. त्या सकाळी सासऱ्यांनी वाटी माझ्या पुढे सरकवली. ‘घे’ म्हणाले, दुसऱ्या कुणाशी बोलल्यासारखे. सगळे बघत होते. मला कळलं ते काय होतं. माफी म्हणा, मान म्हणा, त्यांच्या भाषेत एवढंच येतं. आणि मला पुन्हा संताप आला. वाटी देऊन मला गप्प करताय?

मी वाटी वाळूवर ठेवली आणि बोटीखाली शिरले. मागच्या टोकापासून पठाणाच्या सांध्यावर नख लावायला सुरुवात केली. वीतभर जागा, नख. पुन्हा वीतभर, नख. त्या घसरगुंडीला मी एकदाही नख लावून बघितलं नव्हतं. बाहेर पायांची चुळबुळ चालली होती. कारागीर कुरकुरायला लागले, की पावसाची उघडीप आहे तोवर काम व्हायला हवं, कालवलेलं रेझिन थांबत नाही. कुणीतरी हसलं. माझा नवरा म्हणाला, “अगो, चल ना, झालं असंल.”

तेव्हा वरून सासऱ्यांचा आवाज आला, किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल एवढा.

“थांबा रं. तिचं झालं न्हाय अजून.”

मी पुढच्या वितीवर नख लावलं.